बिननावाची वावडी

गेनूतात्यांवर माझा राग आहे आणि तो मी अजून सोडलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिणं कुणी माया म्हणून घेऊ नये. मी बारामतीच्या पेठेत गुळाची आडत करतो. बापानं मला एक घोंगडी दिली. बाकीचं मी रुमालाखाली बोटं दाबून मिळवलं. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, आत बोटं धरायची आणि वर पाऊसपाण्याच्या गप्पा मारायच्या. समोरच्याच्या बोटाला घाम सुटला की त्याची गरज मला कळते. माणूस असा हातात धरून ओळखायचा ही माझी रीत. तात्यांचा हात मात्र मला कधी कळला नाही.

तात्या पिंपळीचे. उंच, जरा वाकलेले, धुरानं भुवया पिंगट झालेल्या. कालव्याचं पाणी आलं म्हणून आमच्याकडं ऊस आला, ऊस आला म्हणून गुऱ्हाळं आली, आणि गुऱ्हाळ म्हटलं की गुळव्या आलाच. काहिलीत उकळणारा रस नेमका कधी उतरवायचा ते तो ठरवतो. क्षणभर आधी उतरवला तर ढेप बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपते. असे गुळवे आमच्या तालुक्यात पुष्कळ होते. पण तात्यांची ढेप पेठेत आली की हमाल ती उतरवताना आवाज खाली करायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पिकल्या लिंबासारखा रंग, कड अशी की बोट फिरवलं तर कुठं अडखळू नये.

काहिलीजवळ त्यांच्या तोंडात दोनच शब्द असत: "आजून थोडं." जाळ घालणारा म्हणे, तात्या, झालं. गुऱ्हाळाचा मालक म्हणे, तात्या, जाईल हातचं. तात्या वाफेत तोंड घालून उभे, म्हणत, आजून थोडं. मग एकाएकी हात वर करायचे आणि सगळ्यांची पळापळ. ढेपा निवल्या की एकेक उचलून उजेडात फिरवायचे. एखादीच्या कोपऱ्याला मुगाएवढा बुडबुडा दिसला तर ती ढेप फोडून बैलांपुढं टाकायचे. मालक कळवळायचा. मी तर उघड भांडायचो. खाणारा माणूस कोपरा बघत नाही, गोडी बघतो, असं मी सांगायचो. ते म्हणायचे, खाणाऱ्याचं न्हाय, माझं सांगतोय.

कौतुक केलेलं त्यांना सोसत नसे. पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं खूश होऊन माझ्याबरोबर शेला पाठवला. तो मी चारचौघांत त्यांच्या खांद्यावर घातला, तर तात्यांचा चेहरा असा पडला की जणू कुणी आरोप ठेवला. शेला घडी करून माझ्या हातात देत म्हणाले, "त्या घाण्यातली शेवटची ढेप त्येंनी बघितली न्हाय." तिला काय झालं होतं ते मी विचारलं.  पुढं मला कळलं की काहीच झालं नव्हतं. त्यांना ती आवडली नव्हती, एवढंच.

मग ती ढेप आली, जिच्यापायी हे सगळं घडलं. भर हंगाम, पेठेत लिलाव चाललेला, तात्या कधी नव्हे ते गाडीबरोबर आलेले. घेणारे ढेपेला सुरी मारून आतला रवा बघतात, तशी एकानं मारली. आत केसाएवढी काळी रेघ निघाली. वाऱ्यानं पाचटाची राख उडून पडली असेल. घेणाऱ्याला त्याचं काही नव्हतं, तो भाव बोलून मोकळासुद्धा झाला. पण मी तात्यांकडं पाहत होतो. त्यांनी ती अर्धी ढेप हातात घेतली, रेघेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग ती तिथंच खाली ठेवून चालत निघाले. गाडी, बैल, गाडीवान सगळं सोडून, पायी.

दुसऱ्या दिवशी काहिलीवर आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. तोडलेला ऊस फडात वाळत पडला. मी पुण्याला शब्द दिलेला होता, आणि आमची पेठ शब्दावर चालते. तो शब्द माझ्या तोंडातच मोडला. त्याचा फायदा इंदापूरच्या एका आडत्यानं उचलला. त्यांना मी इथं मोठे शेट म्हणतो. नाव लिहून त्यांना आणखी मोठं करायची माझी इच्छा नाही. पेठेच्या तोंडाशी, जिथं गाड्या पहिल्यांदा थांबतात, तिथली माझी बसायची जागा त्यांच्याकडं गेली. मी आतल्या बोळात गेलो. माझा राग तो हा.

रागानंच मी पिंपळीला गेलो होतो, जाब विचारायला. तात्या गोठ्यात होते. भिंतीकडं तोंड करून बसलेले. दाढी वाढलेली, पुढं भाकरी वाळलेली, तिच्यावर मुंग्या. मी बोललो, ओरडलो, हात धरला. हात लाकडासारखा होता. अशा हाताशी सौदा कसा करायचा ते मला येत नव्हतं.

चिमावहिनी, त्यांची बायको, मला बाहेर घेऊन आली. देवऋषी झाला होता, अंगारा झाला होता, बारामतीच्या वैद्यांचं डोक्याला लावायचं तेल झालं होतं. वहिनी शहाणी बाई. तिनं विहिरीवरचा दोर काढून शेजारणीकडं ठेवला होता आणि पाणी दुसरीकडून आणत होती. एवढं तिनं मला हळूच सांगितलं. मी काय ते समजलो आणि जाब न विचारता परत आलो.

हंगाम संपला, उन्हाळा गेला. आषाढात आमच्याकडं पाऊस नावालाच येतो, पण वारा मोप. पश्चिमेकडून जो सुटतो तो नागपंचमी होईस्तोवर थांबत नाही. त्या दिवसांत पेठेत माझ्याबद्दल कुजबुज चालली होती की मी गुळात खडूची भुकटी घालतो. कुणी उठवली ते मला ठाऊक होतं, पण पुरावा नव्हता. अशात पिंपळीकडचा एक गाडीवान ओझं उतरवता उतरवता म्हणाला, "गेनूतात्यानं वावडी उठवलीया. सगळ्या गावात तेच चाललंय."

माझं डोकं फिरलं. ज्या माणसासाठी मी जाब गिळला, तो माझ्या नावानं वावड्या उठवतो? मी टांगा केला. वाटेत टांगेवाल्याशी भाड्यावरून भांडलो, घोड्यावर ओरडलो. पिंपळीच्या शिवेला तात्या मला दिसले. बांधावरच्या बाभळीखाली मांडी घालून बसले होते. मी टांग्यातूनच आवाज टाकला की तात्या, माझ्या नावानं काय वावडी उठवलीत ती माझ्या तोंडावर सांगा.

तात्यांनी मान वळवली. कितीतरी महिन्यांनी त्यांचे डोळे माझ्यावर टेकले.

"तुमच्या नावाची न्हाय आण्णा," ते म्हणाले. "बिननावाची हाय." आणि बोट वर केलं.

बाभळीच्या खोडाला दोरी बांधलेली होती. दोरीच्या टोकाला, पार आभाळात, खरीखुरी वावडी होती. ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांना सांगतो, वावडी म्हणजे पतंगाची थोरली बहीण. कळकाच्या काड्या, खळीनं चिकटवलेला कागद, पुरुषभर उंची, आणि माथ्याला ताणून बांधलेली पट्टी वाऱ्यात घुमते ती अर्ध्या कोसावर ऐकू जाते. पतंगाला मांजा असतो, त्याची काटाकाटी असते. वावडी कुणाला कापत नाही. चढवायची, झाडाला बांधायची आणि खाली बसायचं. या वावडीचा आवाजही नीट नव्हता, घोगरा होता, आणि ती डावीकडं कललेली होती. मी टांग्यात उभा राहून वर बघत राहिलो. टांगेवाला हसत होता. त्याला मी गप्प बसवलं.

ती त्यांची नव्हतीच. कुणाची तरी तुटून येऊन त्यांच्या बाभळीत अडकली होती. वहिनीनं ती काढायला सांगितली, कारण रात्रभर फडफडून म्हैस बुजत होती. तात्यांनी काढली. फाटली होती. न्यायला तिचा मालक आला नाही. तात्यांनी तिथंच बसून घरातल्या जुन्या गाळणीच्या फडक्याचं ठिगळ लावलं. मी याचा पुढं पुष्कळ विचार केला. तात्यांचं स्वतःचं काही असतं तर त्यांनी हात लावला नसता. पण ती परक्याची, फाटकी, आधीच वाया गेलेली. तिच्यात आता काय बिघडायचं होतं?

त्यानंतर त्यांनी स्वतः वावड्या करायला घेतल्या, आणि इथं वहिनी धास्तावली. कारण पहिल्याच दिवशी ते कळकाची काडी तासायला बसले आणि तासतच राहिले. उजेडात धरायची, डोळा लावायचा, पुन्हा तासायची. तोंडातून तेच दोन शब्द. शेवटी काडी सुतळीएवढी झाली आणि मोडली. तात्या हातातल्या दोन तुकड्यांकडं बघत बसले. वहिनीनं चुलीपुढून सगळं पाहिलं होतं. तिला दुसरं काही सुचलं नाही म्हणून तिनं हाक मारली की भाकरी झालीया, जेवायला या. तात्या बराच वेळ हलले नाहीत. मग उठले, तुकडे चुलीत टाकले आणि जेवले.

पुढं तोच नियम झाला. सकाळी धार काढून झाली की वावडीला बसायचं, आणि वहिनीनं जेवायला हाक मारली की वावडी झाली. कशीही असो. काडी वाकडी असेल, कागदाला सुरकुती असेल, एक कान लांब असेल. हाक आली, संपलं. मी एकदा त्या वेळी तिथं होतो. तात्यांचा हात खळीत होता आणि एक कड चिकटायची राहिली होती. हाक आली. त्यांच्या मनगटाची शीर उभी राहिली. उकळती काहील नुसत्या हाताच्या इशाऱ्यावर उतरवून घेणारा हा माणूस, पण एवढी कड सोडताना त्याला जे बळ लागलं ते मी पाहिलं. हात धुऊन ते आत गेले. मला भूक नव्हती, तरी मी मागोमाग गेलो.

कुणी विचारलं, तात्या, किती उंच गेली, तर म्हणत, "गेली तितकी." कुणी म्हटलं, झकास झालीया, तर म्हणत, "आसू द्या." गावातले तरणे मांजा लावून पेच घालायला आले की तात्या आपली वावडी मुकाट्यानं खाली घ्यायचे, आणि ते कंटाळून गेले की पुन्हा चढवायचे. दाढी गेली. अंगावर थोडं मांस चढलं. एकदा मी गेलो तर शेजारणीकडं ठेवलेला दोर वहिनीच्या विहिरीवर परत आलेला दिसला. 

नागपंचमीला इंदापूरच्या माळावर वावड्यांची मोठी मजा असते. त्या वर्षी पेठेत मोठे शेट मला ऐकवून ऐकवून म्हणाले की बारामतीचा नामी गुळवा हल्ली चिंध्या उडवतो. मी रुमाल काढला. आत काय ठरलं ते बाहेर कुणाला कळलं नाही, इथं सांगतो. त्यांचा माणूस आणि तात्या, ज्याची वावडी जास्त उंच जाईल त्याच्या धन्याची पेठेच्या तोंडाची जागा. शेटांच्या बोटाला घाम नव्हता. कारण त्यांचा माणूस कासमभाई होता, साऱ्या तालुक्यात वावडीचा उस्ताद.

तात्यांना मी पैजेचं सांगितलं नाही, फक्त इंदापूरला चला म्हटलं. वहिनीला मात्र वास आला. गाडीत त्यांची वावडी ठेवताना ती माझ्या जवळ आली.

"भावजी, तितं काय हार-जीत आसंल तर आत्ताच सांगा," ती म्हणाली. "त्येंना पुन्यांदा भिताडाकडं त्वांड करून बसवू नगा. मला एकदा निभावलं, दुसऱ्यांदा निभायचं न्हाय."

मी सांगितलं की नुसती गंमत आहे. आडत्याला असं बोलावं लागतं.

माळावर पाय ठेवताच लोकांनी ओरडून तात्यांना सगळं सांगितलं. पैज, जागा, उस्ताद, सगळं. तात्या माझ्याकडं बघतील असं वाटलं. त्यांनी बघितलं नाही. वावडी जमिनीवर ठेवली आणि तिची सुत्तरं, म्हणजे जिथं दोरी जोडतात त्या गाठी, सोडायला लागले. सोडल्या, बांधल्या, बोटानं तोलून पाहिल्या, परत सोडल्या. ओठ हलत होते. मला ऐकू येत नव्हतं, पण शब्द मला पाठ होते. लोक ओरडत होते, वारा भरात होता, आणि तात्यांचा चेहरा हळूहळू गोठ्यातल्यासारखा होत चालला होता. मी माझ्या जागेसाठी आलो होतो. तरी त्या घटकेला माझ्या तळहाताला घाम आला हे लपवणार नाही.

तात्यांचा हात एकाएकी थांबला. ते समोर बघत होते. पलीकडं कासमभाई उकिडवा बसून आपल्या गाठी सोडत होता आणि बांधत होता. मोठे शेट त्याच्या डोक्यावर उभे राहून काही बजावत होते. कासमभाईचे ओठही हलत होते.

तात्यांनी ती अर्धवट गाठ तशीच आवळली आणि वावडी सोडली. कासमभाईनंही सोडली. दोन्ही चढल्या. एक सुबक, ताठ. दुसरी ठिगळाची, डावीकडं कललेली. दोऱ्या संपत आल्या तसे तात्या हातातली दोरी धरून चालत चालत कासमभाईकडं गेले.

"भाई, तुमची दोरी द्या माझ्याकडं. माझी तुमी धरा."

"कायकू?"

"तुमची कशी वढती ते बघायचं हाय. आन माझी जरा वाकडी वढती. तुमी बघा की."

कासमभाईनं शेटांकडं पाहिलं, वर पाहिलं, आणि दोरी दिली. दोघांनी दोऱ्या बदलल्या.

माळावर जो गलका उठला तो सांगता सोय नाही. कासमभाईची वावडी वर गेली तर शेट म्हणाले, वावडी आमची. मी म्हणालो, हात आमचा. घटकाभरानं तात्यांची वर गेली, तेव्हा शेट हातावर आले आणि मी वावडीवर. पंच म्हणून बसलेले म्हातारे एकमेकांशी भांडायला लागले. आमच्या पैजेत वावडीचं ठरलं होतं की हाताचं, हे रुमालाखाली कुणी बोललंच नव्हतं. मी घसा बसेस्तोवर भांडलो. शेटांच्या पागोट्याचा शेव सुटला.

भांडता भांडता मी मागं वळून पाहिलं. ते दोघं माळाच्या कडेला एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसले होते. दोऱ्या गुडघ्याला गुंडाळलेल्या. वर एक वावडी साफ घुमत होती आणि एक घोगरी, आणि दोन्ही मिळून असा काही सूर लागला होता की माझ्याही तोंडातला शब्द थांबला. कासमभाई म्हणत होता, "इत्ती साल उडाया, तात्या. उप्पर देखा तो आज." तात्या हसले. आयुष्यात मी त्यांना तेवढंच हसताना पाहिलं. दात कधी पडले होते कोण जाणे, पुढचे दोन नव्हते.

पैज बुडाली. जागा मोठ्या शेटांकडंच राहिली, अजून आहे. मी आतल्या बोळातच बसतो. तात्यांनी मला त्या दिवशी बुडवलं असं माझं आजही म्हणणं आहे, आणि कुणी वाद घालायला आला तर मी तयार आहे. पण एवढी वर्षं सौदे केले, लोकांच्या बोटांतून काय काय काढून घेतलं, तरी समोरच्याच्या हातात आपली दोरी देऊन मोकळा होणारा माणूस मी त्या माळावर पहिल्यांदा पाहिला. रात्री पाठ टेकली की अजून तो दिसतो.

हंगामाला तात्या आपण होऊन काहिलीवर आले. अट एकच घातली, त्यांची ढेप वेगळी काढायची नाही, सगळ्यांच्यात मिसळायची. मला ती अट जाचली. त्यांच्या नावावर मी काय भाव घेतला असता ते मलाच ठाऊक. मी पुष्कळ ओढाताण केली. ते ऐकून घ्यायचे आणि उसाची कांडी सोलून माझ्या हातात द्यायचे.

त्यांना शेवटचं पाहिलं ते इंदापूरच्या वाटेवर. तिकडं साखरेचा कारखाना उभा राहत होता, आणि गुऱ्हाळांचं आता काय होणार याची सगळ्यांना काळजी पडली होती. मला त्यावर तात्यांशी बोलायचं होतं. त्यांना चार पैसे बांधून पुढच्या हंगामापुरतं माझ्याकडं अडकवून ठेवावं असा माझा बेत होता. पिंपळीला मोटार पाणी प्यायला थांबली, तसा मी उतरून गुऱ्हाळावर गेलो. दुपारची वेळ. काहील भरात आलेली, फेस सोनेरी झालेला, रस उतरायला टेकलेला. अशा वेळी गुळव्या पापणी लवू देत नाही. काहिलीवर त्यांचा भाचा उभा होता, चांगला बाप्या, घामानं निथळत होता. मला बघून त्यानं हनुवटीनंच बाजूला दाखवलं.

तात्या पाचटाच्या ढिगावर झोपले होते. तोंड उघडं, एक हात पोटावर, दुसरा पसरलेला, बोटं मोकळी. भुवईवर राखेचा कण येऊन बसला होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. भाच्यानं हात वर केला, माणसं धावली, काहील खळखळत उतरली. तात्यांचा श्वास होता तसाच चालू राहिला.

मी त्यांना उठवलं नाही. जवळ बसलो. रुमाल खिशातच होता. पैशाची पिशवी पाठीशी घेऊन किती वेळ बसलो ते कळलं नाही. एवढ्यात मोटारवाल्यानं रस्त्यावरून भोंगा वाजवायला सुरुवात केली, एकदा, दोनदा, मग लांबलचक. मी उठलो, धावत मोटारीशी गेलो आणि त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.